हँडल मारण्यापूर्वी

आज मी आपल्याशी एका जुन्या मोटारीविषयी बोलणार आहे. मोटार अमेरिकन, १९२४ सालची, आणि ती आहे तिथंच, म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात. आपल्यापैकी कुणी म्हणेल, "मास्तर, सातासमुद्रापलीकडच्या त्या गाडीचं आम्हाला काय?" प्रश्न रास्त आहे. पण ज्याच्या घरी ऑइल इंजिन आहे, ज्याने बैलगाडीच्या चाकाला धाव चढताना पाहिली आहे आणि ज्याला वर्गात मुलांना इंजिन म्हणजे काय ते समजावून द्यावे लागते, त्याला ही गाडी अगदीच परकी वाटणार नाही. निदान मला तरी ती वाटली नाही.

प्रथम एक कबुली देतो. मी मेस्त्री नाही. तीस वर्षे मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. दरवर्षी फळ्यावर इंजिनाची आकृती काढायची आणि सांगायचे: पहिल्या फेरीत वायू आत, दुसरीत दाबला जातो, तिसरीत पेटतो, चौथीत धूर बाहेर. मुले वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत लिहीत. मार्क मिळत. पण हँडल मारून इंजिन चालू करण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. तो आला निवृत्तीनंतर, २०२३ सालच्या उन्हाळ्यात. मुलगा नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये, कलामाझू नावाच्या शहराजवळ राहतो. त्याच्याकडे चार महिने राहायला गेलो होतो. शेजारी एक वृद्ध शेतकरी, वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्यांच्या कोठारात, गवताच्या भाऱ्यांच्या आड, ही गाडी उभी होती. त्यांच्या आजोबांनी ती नवी घेतली होती. गेली वीस वर्षे ती हललीच नव्हती. आता मात्र त्यांच्या मनाने घेतले होते की, ऑगस्टात तालुक्याची जत्रा भरते, त्या जत्रेला नातीला शेजारी बसवून ही गाडी घेऊन जायचे. हाताखाली माणूस हवा होता. मी रिकामाच होतो.

ही गाडी म्हणजे फोर्ड कंपनीचा 'मॉडेल टी' हा नमुना. हेन्री फोर्ड हे स्वतः मिशिगनमधल्याच शेतकऱ्याचे चिरंजीव. जन्म १८६३ चा. १९०८ साली त्यांनी ही गाडी बाजारात आणली. त्या काळी मोटार म्हणजे धनिकांची चैन. फोर्ड यांना हवी होती ती चिखलाच्या रस्त्याने जाणारी, वजनाने हलकी, पोलादाने चिवट आणि घरच्या घरी दुरुस्त होणारी गाडी. सुरुवातीची किंमत साडेआठशे डॉलर होती. मग १९१३ साली त्यांनी हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती जोडणी सुरू केली. कामगार गाडीकडे जात नसे, गाडीच सरकत कामगाराकडे येई. एका सांगाड्याच्या जोडणीला आधी साडेबारा तास लागत, ते पुढल्या वर्षी दीड तासावर आले. किंमत उतरत उतरत, अगदी साध्या नमुन्याची, २६० डॉलरपर्यंत खाली आली. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी गाडी बाहेर पडली आणि त्याच सुमारास हा नमुना बंद झाला.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. जोडणीच्या रांगेतला कामगार दिवसभर एकच काम करी. एकाने बोल्ट घालायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. त्याला सबंध गाडी कळण्याचे कारणच नव्हते. पण तीच गाडी ज्या शेतकऱ्याच्या दारात जाई, त्याला मात्र ती सबंध कळावी लागे. कारण जवळपास कुठे गॅरेज नसे. कंपनी गाडीबरोबर एक पुस्तिका देई आणि ती प्रश्नोत्तरांच्या रूपात असे: गाडी सुरू करण्यापूर्वी काय पाहावे? इंजिन तापले तर काय करावे? शिक्षकबंधूंनो, आपल्या वर्गात शोभेल अशीच ती रचना. शेतकरी ती पुस्तिका वाची आणि पाने-पक्कड घेऊन गाडीखाली शिरे. एवढेच नव्हे, मागचे एक चाक उचलून त्यावर पट्टा चढवी आणि त्याच गाडीवर लाकडे कापी, पाणी उपसी, दाणा भरडी. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या पुलीवर मळणी होते, त्यातलाच हा प्रकार.

आता आमच्या कामाकडे वळू. जूनमध्ये आम्ही आरंभ केला. म्हातारबोवा मला 'टीचर' म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला: "टीचर, जे उघडाल ते ज्या क्रमाने उघडाल त्याच क्रमाने फळीवर मांडायचं." मी फळीवर खडूने आकडे घातले. मास्तरकीचा तेवढा एक उपयोग झाला.

प्रथम पेट्रोलची टाकी. ती या गाडीत चालकाच्या बसण्याच्या जागेखाली असते. पेट्रोल किती आहे हे पाहायचे तर बैठक उचलून आत लाकडी पट्टी बुडवायची, विहिरीचे पाणी काठीने मोजावे तसे. पेट्रोल चढवायला पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, म्हणून ते आपल्या वजनाने उतरते. याचा परिणाम असा की, टाकीत पेट्रोल थोडे असले आणि चढ उभा लागला, तर गाडीचे तोंड वर होते, टाकी खाली जाते आणि इंजिन कोरडे पडते. मग लोक काय करीत? गाडी वळवून चढ उलटी चढत! ऐकायला विनोद वाटतो, पण यात पाण्याच्या पातळीचा साधा नियम आहे. आमच्या टाकीत गंज होता. आत बारीक खडे आणि पेट्रोल घालून ती तासन्‌तास हलवली, घासणीला राख लावून घागर घासतात तशी. मग कुठे स्वच्छ पेट्रोल खाली येऊ लागले.

दुसरे काम ठिणगीचे. या गाडीत वीज तयार करण्याची युक्ती मोठी नामी आहे. इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, ज्याला फ्लायव्हील म्हणतात, सोळा लोहचुंबक बसवलेले असतात. त्यांच्यासमोर तारांची वेटोळी स्थिर असतात. चाक फिरले की वीज निर्माण होते. ती वीज चार लाकडी खोक्यांत जाते. या कॉइल. प्रत्येकीवर एक पोलादी पट्टी थरथरते आणि भुंगा कोंडावा तसा आवाज येतो. चार सिलिंडरांना चार भुंगे. कुणाची पाळी कधी, हे ठरवतो इंजिनाच्या पुढच्या अंगाला असलेला टायमर. तीन कॉइल बोलत होत्या, चौथी मुकी होती. लाकडात ओल शिरून आतला भाग निकामी झाला होता. तो बदलला, पट्टीचे टोक कानशीने हलकेच साफ केले आणि चौथा भुंगा गुणगुणू लागला. नातवंडांना हा आवाज इतका आवडला की ती पुन्हा पुन्हा बटण दाबायला मागू लागली.

चाके लाकडाची. हा तर माझ्या ओळखीचा प्रांत. हिकरी नावाच्या चिवट लाकडाचे आरे. कोरड्या हवेत वर्षानुवर्षे उभे राहिल्यामुळे लाकूड आटले होते. चाक हातात धरून हलवले की आरा कुरकुरे. मी म्हटले, "आमच्याकडे गाडीचं चाक असं खिळखिळं झालं की ओढ्याच्या पाण्यात टाकून ठेवतात. लाकूड फुगतं." म्हातारबोवा हसले. म्हणाले, "आमच्याकडेही ठेवत. पण पाणी वाळलं की चाक पुन्हा होतं तसंच. बैलाच्या चालीला ते चालतं, मोटारीच्या चालीला नाही." ते चाक त्यांनी जाणकार सुताराकडे पाठवले आणि नवे आरे बसवून आणले. तात्पुरता इलाज आणि पुरता इलाज यांतला फरक त्या एका वाक्यात होता.

गाडी हाकण्याची रीतही वेगळीच, बरं का! आजच्या गाडीची सवय असलेला माणूस हिच्यात बसला तर पहिल्या मिनिटाला घोटाळा करील. पायाशी तीन पेडल आहेत, पण वेग वाढवण्याचे त्यांत एकही नाही. वेग हातात आहे. स्टिअरिंगच्या खाली दोन लहान दांड्या असतात. अमेरिकन गाडीत उजवीकडची पेट्रोलची, डावीकडची ठिणगीची. डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी हळू चालते, पूर्ण सोडले की जलद चालते आणि अधेमधे धरले की मोकळी होते. मधले पेडल उलटे जाण्याचे. उजवे ब्रेकचे. गिअरपेटीत पिंपाच्या आकाराची तीन गोल भांडी फिरतात आणि प्रत्येकाभोवती कापडी अस्तराचा एकेक पट्टा असतो. पेडल दाबले की पट्टा आवळतो. हे पट्टे झिजतात, ते पुन्हा पुन्हा ताणावे लागतात. ताणताना एखादा नट हातून निसटून गिअरपेटीत पडला तर सगळी पेटी उतरवण्याची पाळी येते. म्हणून म्हातारबोवांनी आधी सगळीकडे चिंध्या कोंबल्या आणि प्रत्येक नटाला दोरा बांधला. दोरा बांधायला पाच मिनिटे गेली. तो न बांधता नट पडला असता तर पाच दिवस गेले असते.

कलामाझूच्या जवळच गिल्मोर कार म्युझियम नावाचे मोठे संग्रहालय आहे. तिथे असल्याच जुन्या गाड्या सामान्य माणसाला प्रत्यक्ष हाकायला शिकवतात. मी एक दिवस तिथे शिकून आलो. पहिल्या वळणावर माझा पाय जुन्या सवयीने वेग शोधू लागला आणि उलट्या पेडलवर पडता पडता राहिला! सत्तरीला आलेल्या माणसाला आपण नवशिके आहोत याचा अनुभव अधूनमधून यावा. प्रकृतीला चांगला असतो.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. तो हँडलचा.

आमच्या या गाडीला विजेचा स्टार्टर नव्हता. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बसवला होता आणि १९१९ पासून मॉडेल टीलाही तो मिळू लागला. पण उघड्या टपाच्या गाडीत तो घेतला नाही तर पैसे वाचत. आजोबांनी पैसे वाचवले होते. म्हणजे गाडी सुरू करायची ती पुढे उभे राहून हँडल मारूनच.

जुलैच्या अखेरीस सगळी जुळणी झाली. तेल पाहिले. तेल मोजायला पट्टी नाही, इंजिनाच्या पोटाशी दोन लहान तोट्या आहेत. वरच्या तोटीतून तेल आले नाही आणि खालच्या तोटीतून आले, म्हणजे पातळी ठीक. रेडिएटरमध्ये पाणी भरले. चाकाला पुढून लाकडी ठोकळा लावला. हा ठोकळा फार महत्त्वाचा. थंड तेल घट्ट असते, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नाही आणि इंजिन सुरू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते. मी मोठ्या उत्साहाने उजव्या हाताने हँडल धरले, अंगठ्याने मूठ आवळली आणि खाली जोर देणार, एवढ्यात म्हातारबोवा ओरडले, "थांबा!"

त्यांनी माझा हात काढला. म्हणाले, "डाव्या हाताने धरायचं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती नाही. खाली दाबायचं नाही, वर ओढायचं. आणि त्याच्याही आधी, ठिणगीची दांडी कुठे आहे ते सांगा."

मी पाहून सांगितले, "पूर्ण वर." म्हणजे ठिणगी उशिरा, जशी सुरू करताना हवी तशी.

"दांडी वर आहे," ते म्हणाले, "पण टायमर कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मला खाली वाकवले. दांडीपासून टायमरपर्यंत एक लोखंडी काडी जाते. तिचे सांधे झिजले होते, कुणीतरी कधीतरी ती वाकवलीही होती. वर दांडी पूर्ण उशिरावर होती आणि खाली टायमर मात्र अजून लवकरच्याच खुणेवर होता.

श्रोतेहो, याचा अर्थ काय, तो आता फळ्याशिवाय सांगतो. पिस्टन वर येतो आणि वायू दाबतो. ठिणगी पडली तरी सगळा वायू पेटायला क्षणभर लागतो. इंजिन जोरात चालू असते तेव्हा ठिणगी थोडी आधी टाकावी लागते, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोचेतो आग पुरती भडकते आणि त्याला खाली लोटते. पण हाताने हँडल मारताना इंजिन सावकाश फिरते. तेव्हा ठिणगी आधी पडली तर पिस्टन अजून वर येतोय तोच स्फोट होतो आणि पिस्टन आल्या वाटेने मागे ढकलला जातो. झोका आपल्याकडे येत असताना मध्येच अडवला तर मनगटाला हिसका बसतो ना, तसे. इंजिन सरळ फिरू लागले तर हँडलचा दात आपोआप सुटतो. उलटे फिरले तर दात अडकूनच राहतो आणि हँडल उलट्या दिशेने फिरते, मारणाऱ्याच्या हातासकट. उजव्या हाताने मूठ आवळून खाली दाबणाऱ्याचे मनगट तिथेच मोडते. डाव्या हाताने, अंगठा मोकळा ठेवून, वर ओढणाऱ्याची बोटे उघडतात आणि हँडल निसटून जाते.

मी तिथेच ठोकळ्यावर बसलो. म्हातारबोवांना वाटले, मी घाबरलो. मी घाबरलो नव्हतो. मला माझ्या वडिलांचे मनगट आठवले होते.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्याआधी आपल्या खेड्यापाड्यांतून खाजगी मालकांच्या 'सर्व्हिस मोटारी' धावत. त्यांत अमेरिकन गाड्या पुष्कळ असत. जनरल मोटर्सने तर १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखानाच काढला होता. अण्णा अशाच एका जुन्या अमेरिकन गाडीवर ड्रायव्हर होते. बॅटरी कायम उतरलेली, म्हणून रोज पहाटे हँडल. १९४६ च्या थंडीत एका पहाटे हँडल उलटले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड वाकडेच जुळले. मालकाने सांगितले, ड्रायव्हर निष्काळजी, ठिणगीची दांडी खाली न घेताच हँडल मारले असणार. आणि त्यांना कामावरून कमी केले. पुढे अण्णांनी पिठाच्या गिरणीवर ऑइल इंजिन चालवण्यात जन्म काढला. मोटारीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

आम्ही लहानपणी विचारत असू, "अण्णा, हात वाकडा कसा झाला?" ते म्हणत, "दांडी जागेवर होती रे." बस्स, एवढेच वाक्य. मला ते उत्तर वाटत नसे. पुढे विज्ञान शिकलो, तेव्हा तर मी मनात ठरवूनच टाकले की दांडी जागेवर असती तर हँडल उलटलेच नसते. म्हणजे अण्णांकडूनच चूक झाली असणार आणि ती ते कबूल करीत नाहीत. मी हे त्यांना एकदा बोलूनही दाखवले. नवा नवा शिक्षक झालो होतो तेव्हा. कागदावर आकृती काढून त्यांना समजावले की, असे झाल्याशिवाय तसे होऊच शकत नाही. अण्णांनी आकृती नीट पाहिली, घडी करून खिशात ठेवली आणि ते गिरणीवर निघून गेले.

त्या गाडीत त्या पहाटे काय झाले होते, हे आज कुणी सांगू शकणार नाही. गाडीही राहिली नाही. पण दांडी जागेवर असूनसुद्धा खाली टायमर जागेवर नसू शकतो, हे मी त्या कोठारात माझ्या डोळ्यांनी पाहिले. माझ्या आकृतीत दांडी आणि टायमर यांच्यामधली झिजलेली काडी नव्हती. आकृतीत झीज कधीच नसते. अण्णा १९९१ साली गेले. सांगायला ते नाहीत, म्हणून आपल्याला सांगतो आहे.

आम्ही ती काडी बदलली, सांधे नवे केले आणि वरची दांडी व खालचा टायमर यांचा मेळ बोटाने चाचपून घेतला. मग मी डाव्या हाताने, अंगठा मोकळा ठेवून, हँडल वर ओढले. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक फुरफुर. रेडिएटरजवळची हवा रोखणारी तार ओढून दोन पाव-फेरे दिले. चौथ्या झटक्याला इंजिन खोकले, थरथरले आणि सुरू झाले. म्हातारबोवांनी ठिणगीची दांडी हळूहळू खाली घेतली, तसा आवाज एकसारखा होत गेला, गिरणीचे इंजिन दम धरते तसा.

आता जत्रेला आठ दिवस होते. गाडी अंगणात फिरू लागली होती. नात तर नवा झगा शिवून बसली होती. माझा मुलगा म्हणाला, "छान चालते आहे, आता कशाला खोलता?" पण म्हातारबोवांच्या मनात एक गोष्ट खुपत होती. मागचा आस त्यांनी उघडून पाहिला नव्हता.

त्याचे कारण असे. या गाडीचा पायातला ब्रेक चाकांवर नसतो. तो पुढे गिअरपेटीत असतो आणि त्याचा जोर मागच्या आसातल्या दातेरी चाकांमधून चाकांपर्यंत पोचतो. त्या दातेरी चाकांना जागेवर धरून ठेवणाऱ्या चकत्या मूळ गाडीत व्हाइट मेटलच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या धातूच्या होत्या. काळाने त्या ठिसूळ होतात आणि भुगा होऊन पडतात. तसे झाले की दातेरी चाके एकमेकांपासून सुटतात. इंजिनाचे आणि चाकांचे नाते तुटते आणि त्याबरोबर ब्रेकचेही. मग पेडलवर उभे राहिले तरी गाडी थांबत नाही. उरतो फक्त हातातला ब्रेक, आणि तो दुबळा. जत्रेच्या वाटेवर एक लांबलचक उतार होता.

आस खोलायचा म्हणजे जत्रा चुकणार हे उघड होते. आदल्या रात्री ते बराच वेळ ओसरीवर बसून होते. सकाळी नातीला जवळ घेऊन त्यांनी सांगितले, "यंदा आपण तुझ्या आईच्या गाडीतून जाऊ." मुलगी रडली. त्यांनी समजूत घातली नाही, फक्त तिला बरोबर घेतले आणि तिच्या हातात नट ठेवायचा डबा दिला.

आस उघडायला आम्हाला तीन दिवस लागले. डावीकडची चकती शाबूत होती. उजवीकडची बाहेर काढली ती तुकड्यांनी. उरलेली काळ्या तेलात वाळूसारखी तळाशी बसली होती. म्हातारबोवांनी ते तुकडे एका बशीत काढले आणि काही न बोलता नातीपुढे ठेवले. तिने बोटाने दाबून पाहिले. तुकडा मोडला. ती म्हणाली, "यानं गाडी थांबते?" ते म्हणाले, "यानं थांबत होती."

नव्या चकत्या काशाच्या बसवल्या. या गाडीचे बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात, कारण हौशी माणसे आणि त्यांची मंडळे आहेत. शिवाय मागच्या चाकांवर बाहेरून जादा ब्रेक चढवले. कुणी म्हणेल, जुन्या वस्तूत नवा भाग घातला म्हणजे ती खरी जुनी राहिली नाही. म्हातारबोवांचे मत असे की, दिसणारे जुने राहू द्यावे. पण ज्यावर माणसाचा जीव अवलंबून, तिथे जुन्याचा हट्ट धरू नये. मला हे पटले. इतरही बऱ्याच गोष्टींना ते लागू पडेल.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गाडी रस्त्यावर आली. पुढे आजोबा आणि नात, मागे मी. ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेग. याहून पळवायची त्यांची इच्छाही नव्हती. दोन्ही बाजूंना मका उभा होता. उतार लागला तेव्हा त्यांनी आधीच पेट्रोल कमी केले, डावे पेडल दाबून गाडी हळू चालीत घेतली आणि इंजिनाच्याच आवरावर ती खाली उतरवली. ब्रेक दाबला तो तळाशी आल्यावर, हलकेच. गाडी थांबली. नातीने मागे वळून मला विचारले, "टीचर, तुम्ही डोळे का मिटले होते?" मी म्हटले, "ऐकत होतो."

आता, सुरुवातीच्या प्रश्नाकडे. आपल्याला या गाडीचे काय?

शेतकरी बंधूंना मी एवढेच सांगेन की, आपल्या इंजिनाला हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूला ठेवा, सैल बाहीचा सदरा किंवा लोंबता टॉवेल अंगावर ठेवू नका आणि मुलाला हँडल देण्यापूर्वी ते का आणि कसे उलटते हे त्याला समजावून द्या. 'चालतंय ना, मग कशाला खोलायचं' हे वाक्य ब्रेकच्या, पट्ट्याच्या आणि विजेच्या तारेच्या बाबतीत तोंडातून काढू नका.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. गावातल्या गॅरेजमधून एखादे मोडके इंजिन, एखादा झिजलेला सांधा, एखादी फुटकी चकती मागून आणा आणि विज्ञानाच्या कपाटात ठेवा. आकृती जरूर काढा, पण तिच्या शेजारी ती झिजलेली वस्तूही मुलांच्या हाती द्या. आणि गावातला एखादा जुना मेस्त्री, जुना ड्रायव्हर सांगत असेल की 'दांडी जागेवर होती', तर त्याला खोटा ठरवण्याआधी खाली वाकून एकदा काडी तपासून पाहा. मी वाकलो, पण सुमारे पंचेचाळीस वर्षे उशिरा.

अण्णांच्या जुन्या कोटाच्या खिशात ती माझी आकृतीची घडी त्यांच्यामागे सापडली होती. मी ती जपून ठेवली आहे. परत आल्यावर त्या आकृतीत मी पेन्सिलीने एक रेघ वाढवली, दांडीपासून टायमरपर्यंत, किंचित वाकडी. आता ती आकृती पुरी झाली.